गोव्यातनं हाटू पीक: बर्फात स्नोशू घालून एकट्याने जायचं असेल तर

हिवाळ्यात गोव्यातनं हिमाचलला जाणारे आपले बरेच लोक कुफ्रीला टॅक्सीतनं उतरतात, भाड्याचे गमबूट घालून फोटो काढतात आणि संध्याकाळी परत शिमल्याच्या मॉल रोडवर. त्यात वाईट काही नाही, पण ज्यांना रानात पायी फिरायची सवय आहे, जे पावसात सत्तरी-सांग्याच्या डोंगरांत भटकतात, त्यांना बर्फातपण स्वतःच्या पायांनी एखाद्या टोकावर पोचायचं असतं आणि मग प्रश्न येतो, एकट्याने जमेल का. जमतं, पण तयारी वेगळी लागते, आणि लागतात स्नोशू, म्हणजे पाऊल बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद फ्रेम.

एकट्याने जाताना वर दुसरं मत द्यायला कोणी नसतं. थंडी वाजतेय, पाय दमलेत, टोक समोर दिसतंय, अशा वेळी डोकं नेहमी "अजून थोडं" असंच म्हणतं. म्हणून कुठल्या रस्त्याने जायचं, किती वाजता मागे फिरायचं आणि काय दिसलं तर पुढे पाऊल टाकायचं नाही, हे सगळं घरी बसून ठरवायचं, कागदावर लिहायचं आणि वर गेल्यावर त्यात बदल करायचा नाही. खालचं सगळं ह्याच एका गोष्टीसाठी लिहिलंय.

जागा म्हणून मी हाटू पीक सांगेन. शिमल्यापासनं साधारण 60-65 किमीवर नारकंडा आहे, उंची सुमारे 2700 मीटर, आणि तिथनं हाटू जवळपास 3400 मीटर, वर हाटू मातेचं लाकडी कोरीवकामाचं देऊळ. नारकंड्याहून वरपर्यंत अरुंद डांबरी रस्ता जातो, सात-आठ किमीचा, देवदार आणि फरच्या जंगलातनं, आणि चांगला बर्फ पडला की तो गाड्यांना बंद होतो. म्हणजे तुम्हाला बर्फाने झाकलेला एक आयता रस्ता मिळतो, चढ एकसारखा, सात किमीत सातशे मीटर, वाट हरवायची शक्यता कमी. पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे.

काही जण गुलमर्गचं विचारतात. गुलमर्ग सुंदर आहे, पण गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, वर अफरवट डोंगराच्या बाजूला गेलात की ते उघडे, मोठे, तीव्र उतार आहेत आणि तिथे हिमस्खलन होतं, फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. तिथे अनुभवी गाईडबरोबरच जा, एकट्याने नको.

हिमस्खलनाबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे दरड कोसळणं माहीत आहे, हे माहीत नाही. बर्फाचा थर सुटून खाली येतो तो बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्याहून कमी उतारावर सहसा सुटत नाही, पण वरच्या उतारावरचं सुटलं तर खाली सपाटीवर उभ्या असलेल्या माणसालापण गाठतं, म्हणून पायाखालचा उतार बघून भागत नाही, डोक्यावर काय आहे तेही बघायचं. फोनमध्ये उतार मोजायचं अ‍ॅप घ्या, काठी उताराला समांतर धरून तिच्यावर फोन ठेवला की अंश कळतो. थोडे दिवस गोव्यातल्याच डोंगरउतारांवर मोजून बघा, डोळ्याला अंदाज येतो, 30 अंश म्हणजे किती हे अंदाजाने सांगताना जवळपास सगळेच चुकतात.

धोक्याच्या खुणा: ताजं सुटलेलं हिमस्खलन दिसणं, पाऊल टाकल्यावर बर्फ "हुम्फ" असा खोल आवाज करून खाली बसणं, पायाजवळनं चिरा लांबवर धावणं, एका दिवसात फूटभर नवीन बर्फ, जोराचा वारा, अचानक वाढलेली उष्णता. यातलं एक जरी दिसलं तरी उताराच्या बाजूला जायचं नाही, परत फिरायचं. आणि बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हे सामान चांगलंच, पण ते बरोबरचे लोक तुम्हाला शोधून खणून काढतील म्हणून असतं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तरच वाचायची आशा चांगली असते, आणि एकट्या माणसाला दहा मिनिटांत कोण काढणार? त्यामुळे एकट्याचं संरक्षण एकच, 30 अंशांपेक्षा कमी उतार, आणि वरपण काही तीव्र नाही अशी वाट. हाटूचा रस्ता बराचसा जंगलातनं आहे, तरी जिथे डोंगर कापून रस्ता केलाय तिथे वर बघून, न थांबता पुढे जा. स्थानिक लोक वळणं टाळायला सरळ चढणाऱ्या शॉर्टकट पायवाटा वापरतात, त्या एकट्याने बर्फात नको, रस्ता सोडायचा नाही.

चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचं बुलेटिन काढते, आणि शिमल्याचं हवामान केंद्र यलो, ऑरेंज, रेड अलर्ट देतं, ते आपल्याला पावसाळ्यामुळे पाठच आहेत. तिकडचा बर्फ वेस्टर्न डिस्टर्बन्सबरोबर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडनं येणाऱ्या खराब हवेच्या पट्ट्याबरोबर येतो. एक येऊन गेला की लगेच दुसऱ्या दिवशी जाऊ नका, एक-दोन दिवस बर्फाला बसू द्या आणि पुढचा यायच्या आत जाऊन या. म्हणून सुट्टी काढताना हाताशी दोन-तीन दिवस जादा ठेवाच, ज्याचं परतीचं तिकीट घट्ट असतं तो खराब हवेत निघतो.

आता तयारी, म्हणजे गोव्यात. समुद्रसपाटीवर राहून बर्फासाठी काय करणार असं वाटतं, पण आपल्याकडे वाळू आहे! भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी, मोकळी वाळू, केरी किंवा मांद्रेची, त्यात पाऊल रुततं, मागे सरकतं आणि पोटऱ्या, मांड्यांचा आतला भाग, कंबर सगळं तसंच दुखतं जसं स्नोशूत दुखणार. पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन आठवड्यातनं दोन-तीनदा तासभर चाला, पाय थोडे फाकवून. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागेला हिवाळ्यात कासवांची अंडी असतात, कुंपण घातलेल्या जागांपासनं लांब चाला. चढासाठी पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत घ्या, साडेतीनशे मीटरच्या आसपास, पायऱ्या आहेत, वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. पहाटे जाऊन एकदा चढून उतरणं झालं की काही आठवड्यांनी दोनदा करा. दोनदा केलंत की हाटूइतकीच चढण झाली, फक्त बर्फ आणि विरळ हवा सोडून.

स्नोशू आधी विकत आणले असतील तर एकदा वाळूवर घालून बघाच, दमायला नाही तर पट्टे बांधायला शिकायला. नंतर गोड्या पाण्याने नीट धुऊन सावलीत वाळवा, मीठ राहिलं तर रिव्हेट आणि खालचे धातूचे दात गंजतात.

स्नोशू कसे घ्यावेत: तुमचं वजन अधिक सॅक अधिक कपडे, ही बेरीज धरा. 80 किलोच्या आतबाहेर असाल तर 22 इंची चालतो, त्याच्या वर 25 इंची, ताज्या भुसभुशीत बर्फात मोठा बरा, पण मोठा म्हणजे जड आणि वळायला त्रास. सपाट मैदानासाठीचे स्वस्त नकोत, खाली पंजाच्या जागी धातूचे दात आणि टाचेखाली वर होणारी तार असलेले घ्या, तिला हील लिफ्टर म्हणतात. नारकंड्याला भाड्याने मिळतील या भरवशावर निघू नका, आधी फोनवर चौकशी करा नाहीतर स्वतःचे न्या. बरोबर दोन काठ्या, खाली रुंद चकती लावलेल्या, चकती नसेल तर काठी मुठीपर्यंत आत जाते. विमानाने जाणार असाल तर काठ्या आणि स्नोशू दोन्ही चेक-इन बॅगेत. आणि छोटे मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचे धातूचे काटे, जरूर घ्या, कारण हाटूच्या रस्त्यावर खालच्या भागात गाड्यांनी बर्फ दाबून काच केलेला असतो, तिथे स्नोशूपेक्षा स्पाइक कामाचे. पाऊल घोट्याच्या वर रुतायला लागलं की स्नोशू घालायचे, तोपर्यंत ते सॅकला बांधलेले.

घालताना घाई करू नका. स्नोशू सपाट बर्फावर ठेवा, बकल बाहेरच्या बाजूला येतील असे डावा-उजवा बघून. त्यावरचा आणि बिजागरीवरचा बर्फ हाताने पूर्ण साफ करा, बर्फाचा खडा राहिला तर पट्टा अर्ध्या तासात सैल होतो. मग बुटाचा चवडा बरोबर बिजागरीच्या वर येईल असा पाय ठेवा, फार पुढे गेलात तर बुटाचं टोक दर पावलाला फ्रेमला आपटतं, मागे राहिलात तर दात चढावर धरत नाहीत. आधी पंज्यावरचा पट्टा, मग चवड्याचा, मग टाचेचा. टाचेचा पट्टा फक्त बुटाला मागनं धरतो, टाच मोकळी उचलली गेली पाहिजे, ती फ्रेमला बांधायची नसते. सुटी राहिलेली पट्ट्याची टोकं खोचून टाका, नाहीतर दुसऱ्या पायाने त्यावर पाय पडून तोंडावर आपटणार. हे सगळं पातळ ग्लोव्ह घालून करता आलं पाहिजे, म्हणून घरी बाल्कनीत ग्लोव्ह घालून डोळे मिटून दहा-बारा वेळा करा. शून्याखाली उघड्या बोटांनी बकल लावायला गेलात की दोन मिनिटांत बोटं ऐकत नाहीत.

चालणं अवघड नाही. पाय नेहमीपेक्षा रुंद ठेवा, पाऊल जरा उचलून टाका. चढावर पंजा बर्फात मारून दात बसवायचे आणि मगच वजन द्यायचं, चढ वाढला की काठीच्या टोकाने हील लिफ्टर वर करा, पोटऱ्या वाचतात. उतरताना गुडघे वाकवा, वजन किंचित टाचेकडे, छोटी पावलं, लिफ्टर खाली पाडायला विसरू नका. मागे मागे चालायचं नाही, स्नोशूचं शेपूट रुततं आणि माणूस बसतो, वळायचं तर छोटासा गोल घेऊन वळा. दुपारी ऊन चढलं की दातांखाली ओल्या बर्फाचा गोळा बसतो, पाय अचानक जड आणि निसरडा वाटला तर तेच, काठीने फ्रेमवर दोन ठोके दिले की पडतो. फरच्या मोठ्या झाडांच्या बुंध्यापासनं लांब राहा, खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ पोकळ राहतो आणि त्यात डोकं खाली करून पडलेला एकटा माणूस स्वतः बाहेर येऊ शकत नाही. फोटोसाठी झाडाला टेकायला गेलेल्यांचंच हे होतं.

कपड्यांत आपण गोंयकार हमखास जीन्स आणि कॉटनचा टी-शर्ट भरतो. नाही. कॉटन घाम धरून ठेवतं आणि थांबलात की अंगावरच थंड होतं. आत लोकर किंवा पॉलिस्टरचं अंगाला चिकटणारं, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, आणि सॅकमध्ये एक पफर, म्हणजे जाड फुगीर जॅकेट, जे फक्त थांबल्यावर घालायचं. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, हॉटेलातनं उबदार होऊन निघालात तर पहिल्या किलोमीटरला घामाने भिजणार. घाम येतोय असं वाटलं की लगेच चेन उघडा, टोपी काढा. बुटात बर्फ जाऊ नये म्हणून घोट्यावर गेटर, दोन जोड ग्लोव्ह, सुक्या मोज्यांचा जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. गमबूट स्नोशूत नकोत, टाच आत सरकते आणि ऊब शून्य.

गॉगलबद्दल मी हट्टाने सांगतो कारण इथे उन्हाची सवय आहे म्हणून लोक हलक्यात घेतात. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, आणि दर हजार मीटर उंचीला ती दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. डोळे भाजले तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन उघडतच नाहीत, आणि एकटे असाल तर रस्ता कोण दाखवणार. गडद, बाजूनेही झाकणारा गॉगल, एक जादा सॅकमध्ये. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलापण लावा, तिथे खालनं ऊन येतं.

खायला घरचंच न्या. शेंगदाण्याचे लाडू, खजूर, सुकेळी उत्तम. खाजंपण चालतं, आलं-गुळाचं असल्यामुळे अंगात ऊब येते, पण थंडीत गूळ दगड होतो, म्हणून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. भूक लागायच्या आधी दर तासाला थोडं खा. तहान थंडीत लागत नाही पण पाणी जातं, म्हणून ठरवून प्या, बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा कारण पाणी वरनं गोठतं, उलटी ठेवली की झाकणाचा भाग मोकळा राहतो. थर्मासमध्ये गरम साखरेचा आल्याचा चहा. फेणी मात्र नाही, थोडीसुद्धा नाही. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या पसरतात, गरम वाटतं आणि प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर जाते. परत येऊन शेगडीजवळ बसल्यावर काय ते.

उंचीचं: गोव्याहून थेट विमानाने येऊन दुसऱ्या दिवशी 3400 मीटरवर जाऊ नका. मडगावहून चंदीगडला गोवा संपर्क क्रांती आहे, रेल्वेने जा किंवा विमानाने, पण एक रात्र शिमल्याला, सुमारे 2200 मीटर, आणि निदान एक, जमल्यास दोन रात्री नारकंड्याला काढा. शिमल्याहून रामपूरकडच्या बसेस नारकंड्यावरनंच जातात. डोकं दुखतंय आणि मळमळतंय तर त्या दिवशी चढायचं नाही, वाटेत सुरू झालं तर खाली. बीपी, शुगर, दम्याचं औषध चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मागे काय ठेवून जायचं. एक कागद, हॉटेलवाल्याकडे द्यायचा: नाव, घरचा नंबर, रस्त्यानेच जाणार रस्त्यानेच येणार, जॅकेटचा रंग, परत यायची वेळ आणि किती वाजेपर्यंत न आल्यास शोध सुरू करायचा. तोच कागद फोटो काढून घरी पाठवा, आई किंवा वहिनी, जी व्यक्ती फोनजवळ असते तिला. घरच्यांना फक्त 112 सांगून ठेवू नका, फोंड्यातनं 112 लावलात तर तो गोव्याच्या कंट्रोल रूमला लागणार, हिमाचलच्या नाही. हॉटेलचा आणि नारकंडा पोलीस ठाण्याचा नंबर लिहून द्या. सकाळी निघताना रस्ता चालू आहे का, वर जायला बंदी तर नाही ना, हे तिथल्याच लोकांना विचारा, बंदी असेल तर बंदी.

वर जंगलात नेटवर्क येतं-जातं. म्हणून कोणी सॅटेलाइट मेसेंजर, गार्मिन इनरीचसारखा, आणायचा विचार करतो. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय तो बाळगता येत नाही, आणि आपल्याच दाबोळी विमानतळावर परदेशी प्रवाशांना त्यावरनं अडवलंय. त्यापेक्षा ऑफलाइन नकाशा, पूर्ण चार्ज फोन अंगाजवळच्या खिशात, पॉवर बँक, शिट्टी आणि डोक्याला लावायचा टॉर्च नव्या बॅटरीसकट. थंडीत बॅटरी पटकन उतरते.

वेळेचा हिशेब: डिसेंबरअखेर शिमल्याकडे सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, गोव्याच्या पाऊण तास आधी, आणि जंगलात अंधार त्याच्याही आधी. चांगल्या बर्फात चढायला ताशी दोन किमीपेक्षा जास्त धरू नका, खोल ताजा बर्फ असेल तर एकसुद्धा होत नाही. म्हणून साडेसातला निघा, आणि साडेबाराला जिथे असाल तिथनं मागे फिरा. टोक दोनशे मीटरवर असलं तरी. फेब्रुवारीत दिवस मोठा असतो तेव्हा एक वाजता. शिवाय मधला एक टप्पा ठेवा, दहा वाजेपर्यंत अर्ध्या रस्त्यावर नसाल तर त्या दिवशी टोक होणार नाही हे मान्य करून जितकं जमेल तितकं फिरून या, जंगलात फिरणंपण छानच आहे.

दर तासाला स्वतःची तपासणी करा. अंगठा करंगळीला लागतो का, नाकाचा शेंडा, कानाची पाळी बधिर आहे का, एक वाक्य मोठ्याने बोलून बघा, जीभ अडखळते का. हुडहुडी थांबत नाही, वस्तू हातातनं पडतायत, बोलणं जड झालंय, तर शरीर थंड पडायला लागलंय, लगेच सुकं घाला, गोड गरम प्या आणि खाली उतरा. पांढरं पडलेलं बोट बर्फाने चोळायचं नाही, काखेत धरायचं.

वर पोचल्यावर आधी पफर घाला, मग फोटो. हवा स्वच्छ असेल तर चारी बाजूंनी बर्फाच्या रांगा दिसतात, श्रीखंडच्या बाजूची शिखरं, खाली सफरचंदाच्या बागा, आणि देवळाजवळ मोठे खडक, त्यांना तिथले लोक भीमाची चूल म्हणतात. मला तिथे सगळ्यात आवडतं ते हे की नारकंड्याच्या ह्या धारेवर एका बाजूचा बर्फ वितळून सतलजमधनं सिंधूला आणि शेवटी आपल्याच अरबी समुद्राला मिळतो, आणि दुसऱ्या बाजूचा गिरी, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराला. अर्धा तास थांबा, जास्त नको, कडेला वाऱ्याने बाहेर आलेला बर्फाचा ओठ असेल तर त्यापासनं चांगलं लांब, खाली आधार नसतो त्याला.

उतरताना गाणी ऐकायला इअरफोन लावू नका, ह्या बाजूच्या जंगलात अस्वल-बिबटे आहेत आणि बर्फाचे आवाजही ऐकू यायला हवेत. स्वतःच्या चढतानाच्या ठशांवरनंच उतरा. गाड्यांचा कडक बर्फ लागला की थांबून स्नोशू काढा, स्पाइक घाला, दमलेल्या पायांनी शेवटच्या किलोमीटरला घोटा मुरगळायची भीती जास्त.

नारकंड्यात आल्याबरोबर हॉटेलवाल्याला आणि घरी फोन, चहा नंतर, नाहीतर तिकडे कोणी पोलिसांना फोन लावून बसेल. मग ओले मोजे काढा, बुटांतले सोल बाहेर काढून कागद भरून ठेवा, शेगडीला चिकटवून नको, गोंद सुटतो. स्नोशू पुसून पट्टे उघडे टाकून वाळवा आणि दात, रिव्हेट बघून घ्या, एखादा सैल असेल तर परत पॅक करायच्या आधीच घट्ट करा.